न्यूकॅसलचा दगड आणि उमरेडचा दगड इतके सारखे कसे?

कुळागर (फोंडा)

नमस्कार. चवथीच्या आधी घराची साफसफाई करताना बाबांच्या लोखंडी ट्रंकेत तळहाताएवढा एक चपटा, करडा दगड सापडला. त्यावर जिभेच्या आकाराच्या लांबट पानाचा ठसा आहे आणि मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात ‘न्यूकॅसल, १९७४’ एवढेच लिहिले आहे. बाबा मालवाहू बोटीवर नोकरीला होते. इंग्लंडच्या बंदरांच्या गोष्टी आम्ही लहानपणी पुष्कळ ऐकल्या असल्यामुळे हा दगड तिकडच्या कोळसा खाणीतला असणार, असे मी धरून चाललो होतो.

अडचण अशी की, नागपूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी उमरेडच्या कोळसा खाणीजवळून असाच एक दगड मला आणून दिला होता आणि दोन्ही शेजारी ठेवले तर पाने एकाच झाडाची वाटतात. इंग्लंडच्या कोळशाच्या जंगलांत खवल्यांसारख्या सालीचे प्रचंड वृक्ष होते असे मी वाचले आहे, पण तसे काही या दगडावर दिसत नाही. एकच झाड इंग्लंडात आणि विदर्भात कसे?

आणखी दोन शंका आहेत. उमरेडचा दगड मी उत्साहाच्या भरात साबण आणि टूथब्रशने धुतला; या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागले असून पानाचा काळा भाग बोटाला लागतो. शिवाय सांग्याजवळ मला एक दगड मिळाला आहे, ज्याच्या फुटलेल्या बाजूवर नेच्यासारखी काळी नक्षी आहे. गोव्यात असे जीवाश्म मिळतात का?

दगडफूल

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे आहे की बाबांचे न्यूकॅसल इंग्लंडातले नाहीच. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्येही न्यूकॅसल नावाचे बंदर आहे आणि तेही कोळशासाठीच प्रसिद्ध आहे.

दोन्ही ठिकाणच्या कोळशात काळाचे आणि हवामानाचे मोठे अंतर आहे. इंग्लंडचा कोळसा कार्बॉनिफेरस काळातला, म्हणजे सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा. तो भूभाग तेव्हा विषुववृत्ताजवळ होता आणि तिथल्या दलदलीत लेपिडोडेंड्रॉनसारखे तीस मीटर उंच वृक्ष वाढत. त्यांच्या खोडावर गळालेल्या पानांच्या खुणा चौकटच्या आकाराच्या आणि तिरप्या रांगांत मांडलेल्या दिसतात, त्यामुळे न जाणणाऱ्याला ती सापाची कातच वाटते. आपला भारतीय कोळसा मुख्यतः त्यानंतरच्या पर्मियन काळातला आहे. तेव्हा भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे गोंडवना या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचे भाग म्हणून जोडलेले होते, आणि दक्षिणेकडच्या त्या थंड दलदलींवर ग्लॉसोप्टेरिस या पानझडी वृक्षाचे राज्य होते. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थ ‘जिभेसारखा नेचा’ असा होतो. प्रत्यक्षात तो नेचा नव्हे, बी धरणारी वनस्पती होती. पण नाव चिकटले ते चिकटलेच. ब्राँग्न्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ साली हे नाव दिले, तेव्हा त्याच्यापुढे ऑस्ट्रेलियाचे आणि भारताचे असे दोन्हीकडचे नमुने होते. आपल्या टेबलावर नेमकी तीच जोडी मांडलेली आहे.

खात्री करायची असेल तर दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि दिव्याचा उजेड दगडावर एका बाजूने, अगदी तिरपा पडू द्या. पानाच्या मधोमध ठळक मध्यशीर आणि तिच्यापासून कडेकडे जाताना एकमेकींना मिळून जाळे विणणाऱ्या शिरा दिसल्या तर ते ग्लॉसोप्टेरिस. जाळे आहे पण मध्यशीर नाही, असे असेल तर गँगॅमोप्टेरिस. इंग्लंडच्या कार्बॉनिफेरस थरांत यांपैकी काहीही मिळत नाही.

मात्र दोन्ही पाने एकाच जातीची आहेत असे लिहून टाकू नका. उमरेडचे कोळशाचे थर पर्मियनच्या पूर्वार्धातले आहेत आणि न्यूकॅसलचे त्या काळाच्या अखेरीकडचे. दगड बाबांनी दुसरीकडे कुठे विकत घेतला असण्याचीही शक्यता उरतेच. जुनी पत्रे असतील तर ती पाहा.

निवृत्त खाणवाला (मडगाव)

माझी नोकरी विदर्भातल्या कोळसा खाणींत गेली, म्हणून जमवण्याबद्दल आणि जपण्याबद्दल थोडे लिहितो.

खुद्द कोळशात पान सहसा ओळखू येत नाही, कारण दलदलीतला पालापाचोळा दाबाखाली आणि उष्णतेने पार एकजीव झालेला असतो. पान शोधायचे ते कोळशाच्या लगतच्या शेलमध्ये, म्हणजे थरांनी साचून घट्ट झालेल्या चिखलाच्या दगडात. थराच्या माथ्यावरच्या शेलमध्ये बहुतेक पाने असतात आणि थराच्या तळाखाली मुळे. ग्लॉसोप्टेरिसच्या मुळांना व्हर्टिब्रारिया म्हणतात, कारण ती मणक्यांच्या माळेसारखी दिसतात. यामुळेच दगड थराच्या वर मिळाला की खाली, ही नोंद पानाच्या नावाइतकीच मोलाची असते. ढिगाऱ्यावरून उचललेल्या दगडाची ती माहिती कायमची गेलेली असते. आपल्या भाच्याने तो कुठून उचलला हे आजच विचारून लिहून ठेवा.

भाच्याला हेही सांगा की खाणीच्या हद्दीत व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. मातीचे ते डोंगर पावसात घसरतात आणि सुरुंगाची वेळ बाहेरच्या माणसाला माहीत नसते.

परवानगीने गेल्यास हातोड्याचे घाव वरून घालू नयेत. पातळ छिन्नी थराच्या रेषेत ठेवून हलके ठोके द्यावेत, म्हणजे दगड वहीसारखा उघडतो. दोन्ही पाने, म्हणजे ठसा आणि प्रतिठसा, एकच क्रमांक घालून वर्तमानपत्रात वेगवेगळी गुंडाळावीत. पुष्कळदा कार्बनचा पापुद्रा एका बाजूला राहतो आणि शिरा दुसऱ्या बाजूला चांगल्या उमटतात. उत्साही माणूस ‘चांगली’ बाजू घेतो आणि दुसरी तिथेच टाकतो. मीही सुरुवातीला असे पुष्कळ नुकसान केले आहे.

आता धुतलेल्या दगडाबद्दल. शेलमधली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकताना आकसते आणि थर सुटतात; गोव्याच्या पावसाळी हवेत हे वरचेवर घडत राहते. आंबट वास किंवा पिवळट-पांढरी भुकटी दिसली असती तर मी दगडात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असल्याचा संशय घेतला असता, पण आपल्याकडच्या कोळशात गंधक सहसा कमी असते आणि आपणही तसे काही लिहिलेले नाही. दगड उन्हात ठेवू नका. सावलीत सावकाश सुकवा आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. सुटणारे पापुद्रे पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात तो ॲक्रिलिक राळेचा प्रकार) ॲसिटोनमध्ये अगदी पातळ विरघळवून बारीक ब्रशने बसवता येतात, आणि ते पुढे काढताही येते. फेविकॉल आणि वॉर्निश यांना मात्र हात लावू नका. बाबांची चिठ्ठी, चुकीची ठरली तरी, काढू नका.

सत्तरीकर

सांग्याच्या दगडाचे छायाचित्र न पाहताही सांगतो की तो नेचा नसावा. त्या भागात मँगनीजच्या खाणी होत्या. मँगनीजयुक्त पाणी दगडाच्या बारीक फटीत शिरले की काळ्या फांद्यांची नक्षी उमटते. हुबेहूब नेचा वाटला तरी तिच्यात मध्यशीर किंवा क्रमाने लागलेल्या पर्णिका नसतात आणि ती बहुधा फटीच्या कडेपासूनच फुटत जाते. माझ्या वडिलांनी अशी एक लादी देवघराजवळ लावली होती आणि आलेल्या-गेलेल्यांना ‘लाखो वर्षांचे झाड’ म्हणून दाखवीत. खरे काय ते सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

गोव्यात कोळशाच्या काळातले थरच नाहीत. आपले लोहखनिजाचे खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि जमिनीवर वनस्पती आल्या त्याच सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. ईशान्येच्या टोकाला दख्खनचा बेसाल्ट आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. मधला पर्मियन आपल्याकडे नाही.

मात्र पाणथळ जंगल म्हणजे काय हे पाहायचे असेल तर सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या रायीत जा. तिथे रानटी जायफळाच्या कुळातली झाडे गोड्या पाण्याच्या दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर येतात. झाडे ग्लॉसोप्टेरिसची नातेवाईक नाहीत, पण साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडला की पाने लवकर कुजत नाहीत, हे तिथे उमजते. देवाची राय आहे. तिथून काही उचलून आणू नये.

कुळागर (फोंडा)

सर्वांचे आभार. आईच्या पेटीत बाबांचे १९७४ सालचे एक चित्र-पोस्टकार्ड मिळाले. तिकिटावर ऑस्ट्रेलियाचे नाव आहे आणि मजकुरात ‘इथे कोळसा भरायला आठ दिवस लागतील’ असे वाक्य आहे. भिंगाखाली मध्यशीर आणि जाळे दोन्ही स्पष्ट दिसले. भाच्याला विचारले तेव्हा तो दगड रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यावरचा निघाला, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर ‘थर माहीत नाही’ असे लिहिले आहे. बाबांच्या चिठ्ठीखाली मी दुसरी चिठ्ठी ठेवली आहे: ‘बहुधा न्यू साउथ वेल्स, पोस्टकार्ड पाहावे.’