घरात लहान मुलं आणि रेस्क्यू कॉर्गी: तुमचा अनुभव सांगा

आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. मी, नवरा, सासूबाई, साडेसात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मागच्या महिन्यात टाकून दिलेल्या कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या (रेस्क्यू) पुण्याच्या एका संस्थेकडून कॉर्गी जातीच्या एका कुत्रीचा फोटो आला. पाच वर्षांची मादी. ब्रीडरनं, म्हणजे पिल्लं विकणाऱ्यानं, वर्षानुवर्षं पिल्लं काढून घेतली आणि आता उपयोग नाही म्हणून सोडून दिली. पोटाखालचे केस विरळ झालेले, सड ओघळलेले, आणि फोटो काढणाऱ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड केलेलं. मुलीनं तो फोटो पाहिला आणि विचारलं, "आई, ती कोणावर रागावली आहे का?" तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

संस्थेनं अर्ज घेतला, पण फोनवर स्पष्ट सांगितलं की घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर कॉर्गी आम्ही सहसा देत नाही. मला आधी राग आला, मग वाईट वाटलं. आमच्याकडे जागा आहे, दिवसभर घरात माणूस आहे, सासूबाईंच्या माहेरी कायम कुत्री होती. त्यांना ही जात "राणीचा कुत्रा" म्हणूनच माहीत. एलिझाबेथ राणीला १९४४ साली अठराव्या वाढदिवसाला स्वतःची पहिली कॉर्गी मिळाली होती, हे त्यांनीच मुलांना सांगितलं.

ज्यांनी लहान मुलांच्या घरात कॉर्गी किंवा दुसरं कुठलंही रेस्क्यू कुत्रं आणलं आहे, त्यांनी कृपया मोकळेपणानं लिहा. चांगलं लिहा, तसं फसलेलंही लिहा. आम्हाला ती हवी आहे, पण तिच्या आयुष्यात आणखी एक चुकीचं घर नको.

सुदामानगर, दोन मुलगे

ताई, आमचा कॉर्गी आला तेव्हा दोन वर्षांचा होता. आधीचं कुटुंब परदेशी गेलं आणि तो मागे राहिला. आमचे मुलगे तेव्हा पाच आणि नऊ वर्षांचे.

पहिले दहा दिवस तो सोफ्याखालीच. आम्हाला वाटलं, किती शांत आहे. अकराव्या दिवशी मुलं अंगणात पकडापकडी खेळत होती. हा आतून बाणासारखा सुटला, धाकट्याच्या मागून वळसा घेतला आणि टाचेला दात लावले. मोजा काढून पाहिलं तर दोन लाल ठिपके, एकावर रक्ताचा थेंब. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं आणि तसेच दवाखान्यात गेलो. कुत्र्याच्या लसीचं कार्ड होतं, तरी डॉक्टरांनी मुलाला रेबीजच्या इंजेक्शनांचं वेळापत्रक लिहून दिलं. त्यातली एकही तारीख आम्ही चुकवली नाही.

तो चिडून चावला नव्हता, हे आम्हाला नंतर समजलं. कॉर्गी ही वेल्समधली गुरं हाकणारी जात. वेल्श भाषेत 'कॉर' म्हणजे खुजा आणि 'गी' म्हणजे कुत्रा. उंची जेमतेम दहा-बारा इंच. गुराच्या मागच्या पायाला चिमटा घ्यायचा आणि लाथ बसायच्या आत जमिनीलगत व्हायचं, हे तिच्या रक्तात आहे. पळणारं, किंचाळणारं मूल तिच्या दृष्टीनं कळपातून फुटलेलं वासरू.

मग आम्ही मुलांना 'झाड' शिकवलं. तो मागे लागला की जागच्या जागी उभं राहायचं, हात छातीशी घ्यायचे, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंडातून आवाज नाही. पळणारं कुणी उरलं नाही की त्याचं कामच संपतं. महिनाभर आम्ही मोठी माणसं आधी पळायचो आणि झाड व्हायचो, मग मुलं. अंगणातली पकडापकडी तो आत बांधलेला असतानाच, हा नियम आजही आहे. हॉलच्या कोपऱ्यात फरशीवर निळी चिकटपट्टी लावून त्याची जागा आखली. तो पट्टीच्या आत असला की मुलांनी आत पाय टाकायचा नाही, बॉल गेला तरी नाही. पट्टी आता झिजून गेली आहे. पण परवा धाकट्याचा मित्र तिथं जायला लागला, तर धाकट्यानंच त्याचा शर्ट धरून मागे ओढलं.

खाण्याचं इंदूरच्या घरात विशेष सांभाळावं लागतं. सकाळी पोह्यात कांदा, वर शेव, तीही पुष्कळदा लसणाची. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतात. मनुका मूत्रपिंडावर जातात, म्हणजे प्रसादाची वाटीही वर ठेवायची. मुलं प्रेमानं घास देतात, त्यांना रागावून उपयोग नाही. आम्ही त्याच्या खाऊचा वेगळा डबा केला आणि द्यायचं ते फक्त त्यातलंच, असं ठरवलं.

केस मात्र बारा महिने. वर्षातून दोनदा तर ब्रशमधून मूठ मूठ निघतात. उन्हाळ्यात कुत्र्यांचे केस कापणाऱ्या एका ग्रूमरनं "पूर्ण भादरून टाकू, थंड वाटेल" असं सुचवलं. तसं करू नका. तो केसांचा दुहेरी थर उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा भादरला की पहिल्यासारखा येईलच असं नाही.

पशुवैद्य, महूच्या कॉलेजात शिकलेला

तुमच्या मुलांपेक्षा मला त्या कुत्रीच्या पाठीची काळजी जास्त आहे. लांब पाठ आणि आखूड पाय, त्यामुळे मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या जातीत मोठा. पलंगावरून उड्या बंद. जिना असेल तर फाटक लावा. मुलांनी तिला उचलायचंच नाही. मोठ्यांनी उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, आणि पाठ आडवी सरळ. पुढचे दोन पाय धरून बाळासारखं उचललेलं मी पाहतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

वजन साधारण बारा-तेरा किलोच्या वर जाऊ देऊ नका. हात फिरवला की फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत. कॉर्गी मागतच राहते आणि घरात आजी असली की पोळीचा तुकडा मिळतोच. त्या तुकड्याचा भार पाठीवर येतो.

ब्रीडरकडून सुटलेली मादी आहे, म्हणून ताब्यात घेण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली का? नसेल तर पुढे गर्भाशयात पू होण्याची भीती असते. सडांमध्ये गाठी आहेत का, गोचिडतापाची रक्ततपासणी केली का, आणि रेबीजची लस कधी दिली? उतारवयात काही कॉर्गींचे मागचे पाय हळूहळू लुळे पडतात. तो आजार आनुवंशिक आहे, दुखत नाही पण बरा होत नाही. तेव्हा तुमची मुलगी दहावी-बारावीला असेल. तो काळही धरून चाला.

फॉस्टर, सध्या स्कीम ७८ मध्ये

मी अशी कुत्री तात्पुरती घरी सांभाळते, त्यामुळे तो "नाही" मीही अनेकांना सांगितला आहे. तो तुमच्या संस्कारांवरचा शेरा नाही हो. पिंजऱ्यात पाच वर्षं काढलेल्या कुत्रीनं मूल नावाची वस्तूच पाहिलेली नसते. माझ्याकडे अशीच एक आली होती. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती उभ्या उभ्याच ओली झाली. गवतावर पाय ठेवायला तिला नऊ दिवस लागले. पंजा टेकवायची, उचलायची, माझ्याकडे बघायची. मी तिथंच मांडी घालून बसून राहायचे. नवव्या दिवशी ती चारही पायांनी गवतात उतरली आणि लोळली. तेव्हा मला रडू आवरलं नाही.

आमच्यात म्हणतात, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस ती भेदरलेली असते, तीन आठवड्यांत घराची घडी ओळखते, तीन महिन्यांनी तिचा खरा स्वभाव दिसतो. मुलांना हे आधी सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी ती खेळत नाही म्हणून हिरमोड होतो.

संस्थेशी जातीवरून वाद घालू नका. "ही जी आहे ती मुलांजवळ कशी वागते, आम्ही येऊन बघू का?" असं विचारा. भेटायला गेलात तर मुलं जमिनीवर बसलेली हवीत, हात मांडीवर, आणि जवळ येणं तिच्या मर्जीवर. ती आली नाही तर परत जायची तयारी ठेवा.

आणखी एक. कॉर्गी महाग जात आहे, म्हणून "रेस्क्यू" म्हणत फोटो पाठवून आगाऊ पैसे मागणारे बरेच आहेत. खरी संस्था तुम्हालाच शंभर प्रश्न विचारते. कुत्रं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

ग्वाल्हेर, लष्कर

इंदूर आमच्यापेक्षा सुखी. इथं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कॉर्गीचं पोट रस्त्याच्या इतकं जवळ असतं की खालूनही भाजतं. पहाटे पाचला एक फेरी, रात्री साडेनऊला दुसरी. त्याआधी मी तळहात उलटा करून डांबरावर ठेवते. मला सोसवत नसेल तर तिलाही नाही. दुपारभर ती कूलरसमोर फरशीवर पाय पसरून पडलेली असते.

वैशालीनगर, एका मुलीचा बाबा

तुम्ही फसलेलंही लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आम्ही कॉर्गी आणली आणि पाच आठवड्यांनी परत दिली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

कुत्री खाऊ तोंडात घेऊन पलंगाखाली जायची आणि कुणी जवळ गेलं की गुरगुरायची. आम्ही त्या गुरगुरण्यावर ओरडायचो. ती मोठी चूक झाली. गुरगुरणं ही तिची सूचना होती, आणि आम्ही तिला सूचना न देणं शिकवलं. एका दुपारी मी त्याच खोलीत मोबाईलवर बोलत होतो. मुलगी रांगत पलंगाखाली गेली. आवाज काहीच आला नाही, थेट रडणं आलं. ओठाला दोन टाके पडले.

चूक कुत्रीची नव्हती हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण बायकोच्या डोळ्यांत बघून "राहू दे" म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. परत द्यायला गेलो तेव्हा ती गाडीतून उतरेना. तिला वाटत होतं आम्ही फिरायला आलोय. आता ती एका निवृत्त जोडप्याकडे आहे, घरात मूल नाही, खूप चांगली आहे. दर दिवाळीला फोटो येतो. मुलगी आता सात वर्षांची आहे आणि तो फोटो तिच्या कपाटाच्या दारावर लावलेला आहे.

ताई, चार वर्षांचा मुलगा आणि कुत्री एका खोलीत असतील, तर तिथं एक मोठं माणूस नुसतं बसलेलं नको, बघत असलेलं हवं. घरात ते रोज शक्य आहे का, एवढं ठरवा.

राजवाड्याजवळून

कॉर्गी आकारानं लहान, आवाजानं अल्सेशियन. सकाळी कचरागाडीचं गाणं लागलं की आमची शेवटपर्यंत साथ देते. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, मात्र तिला इथं ठेवत नाही, आदल्या रात्रीच राऊला बहिणीकडे नेतो. दिवाळीच्या आसपास नवीन कुत्रं घरी आणू नका, फटाक्यांत बिथरून पळालं तर सापडायचं नाही. आणि फिरायला जाताना पिशवी खिशात हवीच, आपलं इंदूर आहे.

परदेशीपुरा

आमची देशी आहे, गल्लीतलीच. कॉर्गीच हवी का, एवढं एकदा मुलांना विचारून बघा. आखूड केस, इथलं ऊन अंगवळणी पडलेलं, पाठीची भीती नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे, शाळेची रिक्षा वळली की ही फाटकाशी जाऊन बसते. तुमचा जीव त्या पुण्याच्या कुत्रीत अडकला असेल तर माझं म्हणणं सोडून द्या, ते मी समजू शकते.

लोकमान्यनगर, पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. वैशालीनगरच्या दादांचं लिहिलेलं मी नवऱ्याला आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या रात्री आम्ही घरात कोण कधी असतं त्याचा कागद केला आणि दुपारी चार ते सहा लक्ष ठेवायला कुणीच नसतं हे पहिल्यांदा नीट दिसलं. त्या दोन तासांत ती फाटकाच्या आड राहील.

संस्थेला नव्यानं फोन केला, या वेळी फक्त "भेटू द्या" म्हणून. धुळ्यावरून गाडीनं पुण्याला गेलो, दोन दिवस राहिलो. पहिल्या दिवशी ती फॉस्टरताईंच्या खुर्चीखालून हललीच नाही. मुलं भिंतीला टेकून तासभर बसली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली, मुलीच्या बुटाच्या टोकावर हनुवटी टेकवली आणि तशीच झोपली. मुलीनं पाय आखडला होता, मुंग्या आल्या, पण हलवला नाही. मुलगा उभा होता तिथंच झाड झाला. ती उठली, त्याचा गुडघा हुंगला, आणि परत खुर्चीखाली गेली.

संस्थेनं होकार दिला आहे, पण आधी दोन महिने फॉस्टर म्हणून, आणि तेही दिवाळीनंतर. तोवर तिचं ऑपरेशन आणि रक्ताच्या तपासण्या होतील. रेल्वेत फर्स्ट एसीचं कूपे मिळालं तर ठीक, नाहीतर ब्रेकव्हॅनच्या पेटीत तिला टाकणार नाही, गाडीनंच आणू.

सासूबाईंनी सुताराला बोलावून जिन्याला लाकडी फाटक करून घेतलं आहे. मुलगा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर हात छातीशी घेऊन, मान खाली घालून उभा राहतो आणि विचारतो, "दिवाळी झाली का?"