चांदोरची ‘मुक्तीपूर्व’ मर्सिडीज 180डी: खरी की जुळवलेली?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. माझे आजोबा म्हापसा-पणजी मार्गावर मर्सिडीज 180डी टॅक्सी चालवायचे. ती टॅक्सी माझ्या जन्माआधीच भंगारात गेली. घरात तिचा एक हबकॅप तेवढा उरलाय, त्यात आई मांजराला दूध घालते.

आता चांदोरला एका जुन्या घराच्या पडवीत तशीच एक गाडी विकायला आहे. रंग पांढरा, आरसीवर साल 1959, नंबर जुना, जीडीवाला, म्हणजे गोवा-दमण-दीवच्या काळातला. मागणी 11 लाख. मालक लिस्बनला असतो, बोलणी करतोय मधला माणूस. त्याचं पालुपद एकच: “सगळं ओरिजिनल, लिमिटेड एडिशन, गव्हर्नरच्या ताफ्यातली.” मला खटकल्या दोन गोष्टी. बॉनेटखालची चेसिस नंबरची प्लेट चकचकीत नवी आहे, आणि आरसी डुप्लिकेट आहे. टोकन द्यायच्या आधी नेमकं काय बघू?

फोंड्याचा फिटर

गव्हर्नरच्या ताफ्यातली! अरे बाबा, 41 वर्षं पाने फिरवतोय मी. शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर व्हासालू इ सिल्व्हा, त्याच्या म्हणून दाखवलेल्या निदान आठ गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. एवढ्या गाड्या खरंच असत्या तर डिसेंबर 61 मध्ये आपल्या लष्कराला पणजीत शिरायला रस्ता मिळाला नसता.

लिमिटेड एडिशनही सोडून दे. या गोल अंगाच्या डिझेल मर्सिडीज कंपनीनं लाखाच्या वर काढल्या. आपल्याकडे तर त्या टॅक्सीच होत्या. दुर्मीळ काय, तर धड राहिलेली.

प्लेटकडे बघूच नकोस, प्लेट विकत मिळते. पत्र्यात ठोकलेला चेसिस नंबर शोध. डिझेलनं पुसून घे, वर पातळ कागद ठेव आणि पेन्सिल घास, पासिंगला करतात तसं. सुरुवात 120110 ने झाली तर ती 180डी. 121110 आलं तर 190डी. आणि 120010 आलं तर ती पेट्रोलची 180, मागून डिझेल केलेली. आकडे एका ओळीत आहेत का, सगळ्यांची खोली सारखी आहे का, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याची चमक किंवा वेल्डिंगची गाठ आहे का, हे बोटानं चाचपून बघ. डोळा फसतो, बोट फसत नाही.

मग इंजिन. 180डीचं जुनं इंजिन 636, 1767 सीसी, ताकद जेमतेम 40-43 हॉर्सपॉवर. 190डीचं 621. ब्लॉकवरच्या नंबराची सुरुवातच तशी असते. नंबर गंजलेला असला तरी ओळखता येतं: 636 चा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा हलवणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये, 621 चा वर हेडमध्ये. इंजिन बदललेलं निघालं तर लगेच चोरीचा माल समजू नकोस. आम्हीच बदललीत. टॅक्सीवाल्याला ओरिजिनल नको असायचं, मुंबईची बोट धक्क्याला लागायच्या आत गाडी पणजीत उभी पाहिजे असायची. फक्त बदललेल्याला बदललेलं म्हणायचं आणि भाव तसा लावायचा.

शेवटी चुंबक. फ्रीजवरचं घे, रुमालात गुंडाळ, म्हणजे रंगाला ओरखडा नाही. दरवाज्याखालचा सिल, चाकांवरची कमान, डिकीचा तळ. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी. हिला खाली वेगळी चासी म्हणजे चौकट नाही, बॉडी हाच कणा, त्यामुळे सिल कुजला तर 11 लाख पाण्यात. आपल्या खाऱ्या वाऱ्यात 60 वर्षं उभ्या गाडीला गंज नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाहीतर नुकतंच डेंटिंग-पेंटिंग करून बसलाय.

मडगावची वकीलबाई

फिटरकाकांनी लोखंड सांगितलं, मी कागद सांगते. डुप्लिकेट आरसी हा गुन्हा नाही, पण ती का काढली ते विचारा आणि आरटीओच्या रेकॉर्डशी चेसिस आणि इंजिन हे दोन्ही नंबर ताडून घ्या. हस्तलिखित रजिस्टरातून संगणकावर घेताना एखादा आकडा चुकला असेल तर ती दुरुस्ती विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. नंतर खेपा तुम्हालाच घालाव्या लागतात.

मालक लिस्बनला आहे ना? मग मधल्या माणसाच्या कुलमुखत्यारपत्रात ही गाडी विकण्याचा अधिकार लिहिलाय का, ते वाचा. मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या लागतील.

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपुढच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते; आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो, नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला व्हीए मालिका मिळते. नोंदणीची फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. पण ती बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी. आरसीवर वर्ग टॅक्सीचा असेल तर आधी तो बदला. शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि ही नोंदणी घेतली की प्रदर्शन, रॅली, पेट्रोलपंप, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर. मुलांना शाळेत सोडायला नाही.

फोंड्याचा फिटर

बायनी बरं सांगितलं. एक राहिलं. चेसिस नंबरावरून मर्सिडीजकडून गाडीचं डेटा कार्ड निघतं, मालकाला मालकीचा पुरावा देऊन मागवायला सांग. गाडी कुठलं इंजिन आणि कुठला रंग घेऊन कारखान्याबाहेर पडली ते त्यात असतं. रंगाचा आकडा 40 दिसला तर ती काळी होती, पांढरी नव्हे.

डिचोलीकर

रविवारी जाऊन आलो. पेन्सिलीखाली 120110 उमटलं, आकडे सरळ. तेवढ्यानंच माझे हात थरथरले. डिकीतला रबरी मॅट उचलला तर खाली काळा रंग. ब्लॉकवर 621, आरसीवर मात्र अजून 636. डाव्या सिलला वीतभर जागेत चुंबक चिकटलंच नाही. आरसीवर वर्ग टॅक्सी! मधल्या माणसाला विचारलं, गव्हर्नर भाडी मारायचा काय? तो हसला आणि 7 वर आला.

मी सांगितलंय, इंजिनाची नोंद दुरुस्त करा, कुलमुखत्यारपत्र आणि डेटा कार्ड दाखवा, मग साडेचार. मालकाला फोन करून कळवतो म्हणाला. आईला काळ्या रंगाचं सांगितलं, तर म्हणाली, आजोबांचीही काळीच होती, टप तेवढा पिवळा.

फोंड्याचा फिटर

साडेचार बरोबर. सिलचं काम माझ्याकडे कर, पण पुट्टी मी मारणार नाही, पत्रा कापून नवा घालीन. आणि मांजराला दुसरी वाटी द्या. तो हबकॅप घेऊन ये, चांदोरच्या गाडीला मागच्या उजव्या चाकाला नाहीय. तू पाठवलेल्या फोटोत दिसलं मला.