दूध आहे, पण बाळ ओढत नाही: तुमचे अनुभव लिहा

अंगावर पाजताना त्रास झाला असेल, बाळाची जीभ खाली चिकटलेली निघाली असेल, तर इथं लिहा. बाबालोकांनीही लिहा. आपल्याकडं सगळी चर्चा 'हिला दूधच नाही'वर येऊन थांबते. दवाखान्यांची नावं नकोत. सुरुवात माझ्यापासून.

राजारामपुरी
लेक तासभर छातीला असायची आणि सोडली की परत भोकाड. पिताना टक्-टक् आवाज. तोंडातून सुटलेलं बोंड बघितलं तर नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं, वर चिरा. घरात हळिवाची खीर, शेपू, डिंकाचे लाडू जोरात. लाडू मला, आणि अडचण तिच्या तोंडात! बालरोगतज्ज्ञांनी बोटानं जीभ उचलली, तर जीभ खाली धरून ठेवणारा पडदा पार शेंड्यापर्यंत. कात्रीनं छोटा छेद, रक्ताचे दोन-चार थेंब, आणि लगेच पाजायला घेतलं. ओढ त्याच दिवशी बदलली. चिरा भरायला मात्र वेळ गेला.

कागल
आमचं उलटं. पडदा दिसत होता, पाहुणे म्हणायचे, "कापून टाका, न्हाईतर बोबडं बोलंल." डॉक्टरीणबाईंनी आधी पाजताना बघितलं. बाळ नुसतं बोंड धरत होतं. त्याचं पोट माझ्या पोटाला टेकवून, तोंड मोठं उघडल्यावर भोवतीचा काळा भागही आत जाईल असं त्यांनी धरायला शिकवलं. दुखायचं थांबलं. पडदा अजून आहे, आणि पोरगं बालवाडीत बाईंना बोलू देत नाही.

शिरोली, बाबा
कारखान्यातली पाळी संपवून आलो की काढलेलं दूध बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, पाजायचं काम माझं. बोंडलं आईनं माळ्यावरून काढलेलं, दर वेळी उकळायचं. धार जरा जोरात झाली की दूध गळ्यात. हळूहळू ओठाशी टेकवायचं, तेच चाटून घेतं.

गडहिंग्लज, आजी
पूर्वी सुईण नखानंच पडदा तोडायची. आता कुणी करू नका गं, जंतू जातात. मधाचं बोटही नको, वर्षाच्या आत मध देत नाहीत.

निवृत्त परिचारिका, कसबा बावडा
दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा तरी ओले हवेत. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून जास्त उतरलं, किंवा बाळ पेंगून प्यायलाच उठेना, तर त्याच दिवशी दाखवा. आणि पडदा दिसला म्हणून कात्री नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२४ मध्ये सांगितलंय, असा पडदा असलेल्या निम्म्याहून कमी बाळांनाच पिताना अडचण येते.

इचलकरंजी
आमचा छेद परवा झाला. जखमेवर बोट फिरवून व्यायाम द्या म्हणालेत, बाळ किंचाळतंय. कुणाला सांगितले होते का?

राजारामपुरी
मला नव्हते सांगितले. करायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांना विचार.