कपाट उघडलं की हात आधी कशाकडे जातो?

काठपदर (पुणे)

पाऊस एकदाचा सरला. गाद्या-गोधड्या ऑक्टोबरच्या उन्हात पडल्या, आता कपाटांची पाळी, म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. पैठण्या आणि शेरवान्या इथे नकोत, त्यांचे फोटो आपण वर्षभर बघतोच. दोरीवरून उतरला की घडी व्हायच्या आतच पुन्हा अंगावर चढतो, अशा कपड्याबद्दल ऐकायचंय. तो का आवडतो? आणि तो वेळेवर सापडावा म्हणून कपाट कसं लावता?

सुरुवात मीच करते. माझे मंगळगिरीचे कुर्ते. अंग साधं, खाली बोटभर जरीकाठ, बाकी नक्षीचं नाव नाही. कापड सुरुवातीला जरा ताठ वाटतं, पण धुण्यागणिक मऊ पडत जातं. ऑफिस, बँक, कुणाकडे सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद, कुठेही चालतात. माहेरी चांगल्या साड्या समोर आणि रोजचं सगळं खाली कोंबलेलं असायचं. मी उलट केलंय. नजरेसमोरचा कप्पा रोजच्या कपड्यांना, आणि भरजरी सगळं वर, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

लोकलवाली (डोंबिवली)

माझे कपडे मध्य रेल्वे ठरवते. सकाळच्या फास्टला जाळीचं, लेसचं, मोठ्या घेराचं काही चालत नाही. कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकतं, आणि ठाण्याला ती बाई उतरते ती तुमची लेस घेऊनच. म्हणून सरळ कट, गुडघ्यापर्यंत उंची, थ्री-फोर्थ बाही, आणि दोन्ही बाजूंना खिसे. तयार कुर्त्यांना एक तर खिसा नसतो, असला तर त्यात रुमाल मावायची मारामार. मी कापड घेऊन शिवून घेते आणि शिंपीमामांना मोबाईल दाखवूनच माप देते. उभा राहिला पाहिजे आत.

कापड म्हणाल तर शुद्ध सुती संध्याकाळपर्यंत चोळामोळा होतं आणि निव्वळ पॉलिस्टरमध्ये मे महिन्यात जीव जातो. मला मधलं, मिश्रणाचं बरं पडतं. हातमागवाल्यांनी रागावू नये.

रविवारी रात्री आठवड्याचे सेट लावते. हँगरला कुर्ता, त्याच हँगरच्या आडव्या दांडीवर लेगिंग, त्यावर ओढणी. पहाटे घरात सगळे झोपलेले असतात, दिवा लावायची सोय नाही. अंधारात हात घातला तरी अख्खा सेट बाहेर येतो.

लेंगासदरा (सांगली)

हा धागा फक्त बायकांचा नसावा असं गृहीत धरून लिहितो. शाळेतून निवृत्त झालो. नोकरीभर पँट-मनिला, आता घरी लेंगा आणि बाहेर खादीचा सदरा. सगळे पांढरे. कुठला कशावर घालायचा हा प्रश्नच नाही. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ आणि कॉलरीला आधी साबण घासून ठेवणं, एवढीच निगा.

पण खरा घोळ स्वच्छ कपड्यांचाही नसतो आणि मळलेल्यांचाही नसतो. तासभर घातलेल्यांचा असतो. धुवायला टाकावा तर वाया, कपाटात ठेवावा तर घामाचा वास शेजारच्या घडीला लागतो. मग ते खुर्चीवर साचतात. आमच्या जुन्या घरात भिंतीला खुंट्या होत्या, तिथे हे कपडे वाऱ्याला लटकायचे. फ्लॅटमध्ये आल्यावर सौ.च्या मते खुंट्या गावठी. शेवटी दाराच्या मागे हुकांची पट्टी मारली आणि तह झाला. अट एकच, हुक भरले की पुढचा कपडा थेट बादलीत.

लोकलवाली (डोंबिवली)

काका, तुमची ती हुकांची अट आमच्या घरातल्या खुर्चीला वाचून दाखवणार आहे.

ओलीवाट (दापोलीजवळ)

तुमची कपाटं ऑक्टोबरात उघडतात. आमची जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज उघडून हुंगावी लागतात. इथल्या पावसात कपाट बंद ठेवलं की पंधरवड्यात काळ्या पँटीवर पांढरी बुरशी आणि चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी. लाकडी दारं फुगून अडकतात ती वेगळीच.

आमच्याकडे चालतं ते सांगते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, बाहेरच्या भिंतीला तर टेकवायचंच नाही, कारण ओल तिथूनच येते. कप्पे ठासून भरायचे नाहीत. खालच्या मोकळ्या कप्प्यात जाळीच्या आत जुना पिवळा बल्ब, दिवसातून थोडा वेळ, आणि कपडा त्याच्या जवळपास नको. यात एलईडी उपयोगाचा नाही. आपल्याला उजेड नकोय, ऊब हवीय, आणि ती एलईडीत नसल्यातच जमा. जाड कपडे पावसाळ्यात घालतच नाही. जीन्स मे महिन्यात कडक उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. रोजच्या वापराला पातळ सुती गाऊन आणि लवकर वाळणाऱ्या साड्या. बाळाचे कपडे अजूनही निखाऱ्यावर डाल, म्हणजे बांबूची टोपली, उपडी घालून तिच्यावर वाळवतो. त्याला धुराचा वास येतो म्हणून मुंबईची नणंद नाक मुरडते. मला तो कुबट वासापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

बुरशी आलीच तर घरात झटकू नका, सगळीकडे पसरते. अंगणात नेऊन ब्रशने काढा, ऊन द्या, मग धुवा.

मांडवी (फोंडा)

ओलीवाट, अगदी! आम्ही ओल शोषणाऱ्या त्या डब्या ठेवतो. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, हवेतलं पाणी खेचून डबी भरते. फक्त ती कलंडू द्यायची नाही, ते पाणी कपड्यावर सांडलं तर चिकट डाग. सिलिका जेलच्या पुड्या मात्र तापवून वाळवल्या की पुन्हा कामाला येतात. माझा रोजचा आवडता कपडा म्हणजे कुणबी चौकड्यांच्या कापडाचा गुडघाभर ड्रेस. लाल चौकडा, जाडसर सूत, इस्त्री नाही केली तरी शोभतो. एके काळी शेतात राबणाऱ्या बायकांचं लुगडं ते. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा लोकांपुढे आणलं, आता पणजीच्या दुकानांत त्याच्या किमती बघून डोळे फिरतात.

नऊरंगी (ठाणे)

नवरात्र आत्ताच संपलंय म्हणून सांगते. रंगांची यादी येते आणि दरवर्षी एखादा रंग असा निघतो की ऑफिसातल्या निम्म्या बायका दुकानात. मी रंगांप्रमाणे कपाट लावलंय ते हौसेने नाही, त्या नऊ दिवसांच्या धसक्याने. एक फायदा झाला. माझ्याकडे निळे कुर्ते किती आहेत ते पहिल्यांदा कळलं. आकडा सांगणार नाही, नवराही हे वाचतो.

ताणाबाणा (इचलकरंजी)

वस्त्रोद्योगात काम करते, म्हणून थोडं शास्त्र. कंटाळा आला तर पुढे जा.

नवा सुती कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असं घराघरांत सांगतात. रंगवताना कुंडात मीठ घालतात, त्याने रंग सुतात जायला मदत होते. पण कापड एकदा रंगून आलं की घरच्या बादलीतलं मीठ त्यात काही करत नाही. सुटणारा जादा रंग पहिल्या काही धुण्यांत सुटणारच. वेगळं धुवा, गार पाण्यात, जास्त वेळ न भिजवता.

कसर. ती चंदेरी वळवळणारी कीड पिठूळ पदार्थांवर जगते, तेव्हा कांजी केलेले कपडे महिनोन् महिने ठेवून देऊ नका. ठेवणीतलं नेहमी बिनकांजीचं. लोकरीला भोकं पाडणारी कीड वेगळी, ती पतंगाची अळी. तिला घामाचे, खाण्याचे डाग फार आवडतात. ‘एकदाच तर घातलाय’ म्हणून न धुता ठेवलेला स्वेटर हे तिचं हक्काचं जेवण.

डांबरगोळ्या जरीला टेकवू नका, पुरचुंडी करून कोपऱ्यात ठेवा. कापूर आणि डांबरगोळी शेजारी ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतो. आणि ज्यांच्या घरी तान्हं बाळ येणार आहे त्यांनी हे नक्की वाचा: डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली बाळाला तशीच घालू नका. काही बाळांमध्ये जन्मतः जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते आणि डांबरगोळीच्या नुसत्या वाफेनेही त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळाच्या कपाटात ती गोळी नकोच. वेखंडाचे तुकडे, वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा. त्यांचा जोर कमी असतो, ते मधूनमधून बदलावे लागतात.

माझा स्वतःचा आवडता कपडा विचाराल तर ढगळ टी-शर्ट. दिवसभर कापडात असते, घरी आल्यावर कापडाचा विचार नको वाटतो.

टोपपदर (बेळगाव)

रोज इरकल नेसते. हो, रोज, शाळेत शिकवायला. अंग सुती, पदर रेशमी. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो, म्हणून इतक्या वेगळ्या रंगाचा पदर असूनही मध्ये शिवण दिसत नाही. सुती अंगामुळे निऱ्या जागच्या हलत नाहीत, फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत दिवसभर फिरलं तरी.

साडीवाल्यांचं कपाट बिघडतं ते साड्यांनी नाही, ब्लाऊजनी. साडी एकीकडे, ब्लाऊज दुसरीकडे आणि परकर तिसऱ्याच रंगाचा. मी प्रत्येक साडीला तिचं ब्लाऊज ही पद्धत सोडून दिली. काळं, मरून, गडद हिरवं आणि मोहरी, अशी गुळेदगुड्ड खणाची ब्लाऊज शिवली, माझ्या बहुतेक साड्यांवर यातलं एक जातंच. शिवताना आत माया भरपूर सोडायला सांगते, अंगाचा काही भरवसा नाही. ज्या भारी साड्यांचं ब्लाऊज वेगळं आहे, ते साडीच्या घडीतच. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून. काही महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या बाजूने घालते, नाहीतर जरीचे धागे घडीवर तुटतात.

उसवण (कल्याण)

टोपपदर ताई, साड्या हँगरला की घडी घालून?

टोपपदर (बेळगाव)

रोजच्या सुती हँगरला. जड जरीच्या आडव्या, घडीत. लटकवल्या तर स्वतःच्याच वजनाने ओढल्या जातात.

बर्फाळ (एडमंटन, कॅनडा)

आमच्याकडे वर्षाला दोन कपाटं लागतात, जागा मात्र एकाचीच. थंडीत उणे तीसपर्यंत जातं. सगळ्यात लाडका कपडा कुणाला दिसतच नाही, आत घालायचा मेरिनो लोकरीचा पातळ थर. घाम शोषतो, वास धरत नाही, रोज धुवावा लागत नाही. त्यावर स्वेटर, त्यावर जाड कोट. स्वेटर हँगरला लावू नका, खांद्यावर शिंगं येतात. हवा काढायच्या पिशव्यांत सुती चादरी ठेवा, पिसांचं जॅकेट महिनोन् महिने दाबून ठेवलं तर पुन्हा पुरतं फुगत नाही. साड्या सूटकेसमध्ये, गणपतीला मंडळात जाताना बाहेर येतात. मग अर्धा दिवस परकर शोधण्यात.

सावकाश (नाशिक)

जरा वेगळं लिहिते. सासऱ्यांना पक्षाघात झाल्यावर त्यांचं कपाट मी लावते. डोक्यातून घालायचे सदरे बाद केले. पूर्ण पुढून उघडणारे शर्ट, नेहमीपेक्षा एक माप मोठे. काजं शिवून टाकली, वर नुसती बटणं ठेवली आणि आतून वेल्क्रो, त्यामुळे दिसायला शर्ट शर्टासारखाच राहिला. त्यांना ते महत्त्वाचं वाटतं, पाहुण्यांसमोर गबाळं चालत नाही. नाडीच्या जागी इलॅस्टिक. घालताना अधू हाताची बाही आधी, काढताना तीच शेवटी, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं आणि रोजची झटापट थांबली.

कपडे आता कमरेच्या उंचीच्या खणात, जपानी पद्धतीने उभ्या घड्या घालून. वरून सगळे एकदम दिसतात. सकाळी खण ओढून ते चांगल्या हाताने बोट दाखवतात आणि तोच शर्ट निघतो. बहुतेक वेळा निळ्या चौकटीचा. तो धुवायला असला की तोंड पाडून बसतात, म्हणून त्याच कापडाचा आणखी एक शिवून घेतला.

काठपदर (पुणे)

सावकाश, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिच्या सांध्यांमुळे हूक लागत नाहीत, वेल्क्रोची युक्ती ब्लाऊजला करून बघणार आहोत.

जुनेरं (अमरावती)

‘वर्षभर घातलं नाही तर काढून टाका’ हा सल्ला सगळीकडे वाचते. आपल्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही. भाच्याच्या लग्नातला शालू वर्षभर कोण घालेल? रोजच्या कपड्यांना मात्र लागू होतो. सगळे हँगर उलटे अडकवायचे, घातलेला कपडा परत ठेवताना हँगर सुलटा करायचा. मोसम संपताना उलटे राहिलेले समोर येतात. माझे उलटे राहिले ते सगळे सिंथेटिक, आणि त्यात नवल नाही. विदर्भातला मे, पारा पंचेचाळीसला, तिथे फक्त मलमल आणि कानावरून घट्ट बांधलेला दुपट्टा.

काढलेल्यातल्या मऊ सुती साड्या गोधडीला. बाकीचं पूर्वी बोहारीण न्यायची, पातेलं देऊन. परवा एकीने साड्यांचा ढीग मागितला आणि चहाची गाळणी पुढे केली. घासाघीस करून डब्यावर आणली.

उसवण (कल्याण)

ओढण्यांचं काय करता? माझ्या एकमेकींत गुंततात आणि एक ओढली की पाच खाली.

लोकलवाली (डोंबिवली)

पडद्याच्या कड्या घे, एका हँगरच्या दांडीत ओव. प्रत्येक कडीत एक ओढणी. जरीवाल्या नको, कडी खुपते.

नऊरंगी (ठाणे)

कड्या प्लॅस्टिकच्याच घे गं. लोखंडी घेतल्यास तर पावसाळ्यात गंज ओढणीला लागेल.