द फ्युजिटिव्ह: हॉस्पिटलमधला तो प्रसंग

'द फ्युजिटिव्ह' (१९९३) या हॉलिवूडपटातल्या रेल्वे अपघाताचं सगळ्यांनी कौतुक केलंय, ते अगदी रास्त. खरी गाडी वापरून केलेलं चित्रण आहे ते, आजही अंगावर येतं. पण मला त्याहून भिडतो तो हॉस्पिटलचा प्रसंग. बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला, फरार डॉक्टर किंबल (हॅरिसन फोर्ड) सफाई कामगाराच्या वेषात शिरलाय, पोलीस मागावर आहेत, आणि स्ट्रेचरवर एक मुलगा कण्हतोय. किंबल त्याचा एक्स-रे बघतो, कागदावरचा शेरा बदलतो आणि पोराला थेट ऑपरेशनला पोचवतो. पकडले जाऊ हे कळत असूनही! हा माणूस बायकोचा खून करूच शकत नाही, हे तिथे पुरतं पटतं. त्याचा पाठलाग करणाऱ्या अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी टॉमी ली जोन्सला ऑस्कर मिळालं याचा आनंदच आहे, पण हॅरिसन फोर्डला साधं नामांकनही नाही? फार वाईट वाटतं.