मदत हवी आहे: गिरणारे ते त्र्यंबक, आतल्या रस्त्याने सायकल जाईल का?

दिवाळीनंतर नाशिकहून वैतरणा धरणापर्यंत सायकलने जायचंय, वाटेत त्र्यंबकला मुक्काम. त्र्यंबक रोड नको. गाड्या अगदी अंगावरून जातात, रविवारी तर विचारूच नका. गिरणाऱ्यापर्यंतचा रस्ता माहितीचा आहे. अडतंय तिथून पुढे. नकाशात गौतमी धरणाजवळून बेझे मार्गे त्र्यंबककडे बारीक रेघ दिसते, पण डांबर शिल्लक आहे की नुसती खडी, ते कळत नाही. सायकल टूरिंगची, ३२ मिमी टायर, मागे दोन भरलेल्या बॅगा. चढ कितीही चालेल, सुटी खडी नाही. घोटी मार्गे जा असं कृपया सुचवू नका, महामार्ग टाळायचाच आहे. यंदाच्या पावसानंतर बेझ्याकडून कोणी गेलंय का? आणि त्र्यंबकहून वैतरण्याला पहिन्याची गर्दी टाळून जाता येतं का?