लाळ-खुरकूतची लस टोचूनही साथ येते, मग टोचायची कशाला?

बांधावरचा
काल इथे एकाने लिहिलं: 'लस टोचली तरी गावात लाळ-खुरकूत आलीच. दूध घटतं, गाभण गाई गाभडतात. यंदा कुणीच टोचून घेऊ नका.' ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लस फसते हे खरं, पण का फसते ते बघा. ही तेलातली मृत विषाणूंची लस. २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. बाटली बर्फाला चिकटून गोठली की तेल-पाणी वेगळं होतं, ती टोचून उपयोग शून्य. उन्हात मोटारसायकलच्या डिकीत फिरली तरी तेच. मात्रा २ मि.ली., मानेच्या स्नायूत खोल. घाईत कातडीखाली गेली तर नुसती गाठ येते. वासराला चौथ्या महिन्यात पहिली, महिन्याभराने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. बूस्टर गावोगाव चुकतो. आणि गावातली निम्मी जनावरं सोडून दिली तर साथ थांबणार कशी?

दावणीचा हिशेब
लिहिणं सोपं आहे हो. टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध उतरतं, अंगात कणकण राहते. वीस गाईंचा गोठा असेल तर ते नुकसान कोण भरून देणार? आणि एकाच सुईने अख्खी आळी टोचत जातात, त्यावर एक अक्षर नाही. सुईवरून रोग पसरतो की नाही?

बांधावरचा
पसरतो. आजार अंगात मुरत असलेल्या जनावराला टोचलेली सुई पुढच्याला लागली तर लस देणाराच साथ घेऊन फिरतो. इथे तुमचं म्हणणं मान्य. प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागा, नाही मिळाली तर टोचू देऊ नका. पण दुधाचा हिशेब अर्धाच मांडताय. रोग आला की तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, त्यात आसडी म्हणजे अळ्या पडतात. बरी झालेली गायही पुढे उन्हात धापा टाकते आणि पूर्वीच्या दुधावर येत नाही. आजारी आईचं दूध प्यायलेलं वासरू हृदयावर परिणाम होऊन अचानक मरतं. त्याचा आकडा तुमच्या हिशेबात कुठे आहे?

टायरगाडी
मूळ दुखणं वेगळंच आहे. दिवाळीच्या सुमाराला बीड, नगरकडून ऊसतोड मजुरांच्या बैलजोड्या साखर कारखान्यांवर जातात. मजुरांच्या मुक्कामाच्या तळावर शेकडो बैल एकत्र, एकच पाण्याचा हौद, शेजारच्या गोठ्यांशी वाढ्यांची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) देवाणघेवाण. गावात शंभर टक्के टोचा, तळ सुटला तर काय उपयोग?

माजलगावकर
खापर मजुरावर फोडू नका! बैल लंगडला की मजुराची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटत नाहीत, त्याच्याइतकी काळजी कुणाला असते? साथ आठवडी बाजारातून येते. व्यापारी आज एका बाजारातून जनावर उचलतो, दोन दिवसांत दुसऱ्या तालुक्यात विकतो. लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात, तोवर तो मोकळा.

टायरगाडी
मजुराला दोष दिलाच नाही, नीट वाचा. गाडी निघायच्या किमान तीन आठवडे आधी बैल टोचले पाहिजेत, आणि ते गावीच. तळावर पोचल्यावर टोचणं उशिराचं. कारखाना उचल देतो, तर बैलाच्या कानातला बिल्ला आणि लसीची नोंद बघूनच करार करावा, एवढंच म्हणतोय.

माजलगावकर
बिल्ल्याचा १२ आकडी नंबर ऑनलाइन चढलाच नसेल तर मजुराने काय दाखवायचं? आधी नोंदी सुधारा. तीन आठवड्यांचं तेवढं बरोबर आहे, पण सप्टेंबरात गावात लस पोचली तर.

दावणीचा हिशेब
बैलांवरून गाडी कुठच्या कुठे गेली. गाभडण्याचं कुणी बोलेना.

बांधावरचा
मृत विषाणू गर्भात रोग करत नाही. शेवटच्या महिन्यांत गाईला पाडून, नाक दाबून धरलं की धक्का बसतो, तापही येतो, धोका तिथे. अशा गाई वगळा आणि व्याल्यावर आठवणीने टोचा. उलट रोगाच्या तापानेच जास्त गाभडतात.

आणि साथ आलीच तर: आजारी जनावर वेगळं, त्याची धार सगळ्यांत शेवटी. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून गव्हाण, जमीन, बादल्या, चपला धुवा. खायचा सोडा चालत नाही. तोंड तुरटीच्या पाण्याने, फोडांवर बोरोग्लिसरीन. पाय मोरचुदाच्या सौम्य पाण्याने. ओलं, मऊ खाद्य द्या.

दावणीचा हिशेब
ठीक, टोचून घेतो. पण सुई बदलली नाही तर दावणीला हात लावू देणार नाही, आणि बाटली शीतपेटीतून निघताना माझ्या डोळ्यांसमोर निघाली पाहिजे.

माजलगावकर
हेच तळावरच्या बैलांनाही लागू करा म्हणजे झालं. देशभर लसीकरणाचा कार्यक्रम २०१९ पासून आहे आणि तळावर अजून कुणाची जबाबदारी ते ठरलेलं नाही.